विद्यार्थ्यांच्या मनाचे मापन : माप आधी तपासायला हवे

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निघणारा रेल्वेचा रूळ तपासणीशिवाय बाहेर पाठविला जात नाही. ध्वनिलहरींच्या साहाय्याने त्याच्या अंतर्भागातील बारीकशी भेगही शोधली जाते. त्याच शहरात, हे रूळ घडविणाऱ्या कामगारांची मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे आता आणखी एका तपासणीची चिन्हे दिसू लागली आहेत. ती आहे विद्यार्थ्यांच्या मनाची. प्रश्न एवढाच आहे की रूळ तपासणारे यंत्र जसे आधी पारखून घेतले जाते, तशी मन मोजणारी प्रश्नावलीही कोणी पारखून घेतली आहे काय?

या विषयाला तातडी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालामुळे. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी न्यायालयाने मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील, असे स्पष्ट केले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यातील महत्त्वाची तरतूद. ज्या शहरांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मोठ्या संख्येने विद्यार्थी येतात त्यांनी विशेष दक्षता घ्यावी, असेही निकालात म्हटले असून जयपूर, कोटा, सीकर, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली आणि मुंबई या शहरांचा नावानिशी उल्लेख आहे. भिलाई त्या यादीत नाही. मात्र ही यादी केवळ उदाहरणादाखल दिलेली आहे. आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची तयारी हाच ज्या शहराच्या पौगंडावस्थेचा मुख्य उद्योग होऊन बसला आहे, त्याला ही दक्षता लागू नाही असे म्हणणे कठीण आहे.

छत्तीसगडच्या दृष्टीने तर हा विषय अधिकच गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्येचे प्रमाण १२.४ होते, छत्तीसगडमध्ये ते २८.२ होते. हे आकडे सर्व वयोगटांचे आहेत, केवळ विद्यार्थ्यांचे नव्हेत. तरीही मुलांच्या मनाकडे वेळीच लक्ष द्यावे असे शाळांना वाटण्यास ते पुरेसे आहेत.

अडचण येते ती अंमलबजावणीच्या वेळी. शाळेत आठशे मुले आणि समुपदेशक एक. प्रत्येकाशी तासभर बोलणे अशक्य. साहजिकच वीस-पंचवीस विधानांचा छापील कागद वर्गात वाटला जातो. ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘नेहमी’ यांपैकी एका चौकटीत खूण करायची, गुणांची बेरीज करायची आणि ठराविक आकड्याच्या वर गेलेल्या मुलांची नावे वेगळी काढायची. या कागदालाच मानसशास्त्रात मापनश्रेणी म्हणतात. तो स्वस्त आहे, झटपट आहे आणि आकडा देतो. आकड्यासमोर शाळा, पालक आणि शासन हे तिघेही लवकर मान तुकवतात.

काटा खरा की नुसता स्थिर?

मापनश्रेणीच्या दोन कसोट्या असतात. पहिली विश्वसनीयतेची. आज आणि पंधरा दिवसांनी, मुलाच्या स्थितीत फरक पडला नसेल तर, साधारण सारखाच आकडा यायला हवा. दुसरी सप्रमाणतेची, म्हणजे जे मोजतो असे ती सांगते तेच ती मोजते की नाही याची. वाण्याच्या दुकानातला काटा दररोज न चुकता पावशेर कमी दाखवीत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. शाळांना विकल्या जाणाऱ्या अनेक प्रश्नावल्यांच्या माहितीपत्रकात पहिल्या कसोटीचे आकडे ठळक छापलेले असतात आणि दुसरीबद्दल दोन ओळी असतात. त्या दोन ओळीच खरे तर वाचायच्या असतात.

या बाबतीत गेल्या सत्तर वर्षांत शास्त्राची भूमिकाही बदलली. ली क्रॉनबाख आणि पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये, आत्मसन्मान किंवा चिंता यांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींचे मापन कोणत्या पुराव्यावर मान्य करावे, याची तात्त्विक मांडणी केली. अमेरिकेतील तीन व्यावसायिक संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांच्या मानकांची २०१४ ची आवृत्ती तर असे सांगते की सप्रमाणता हा चाचणीचा गुण नाहीच. तो गुणांच्या अर्थाचा आणि वापराचा गुण आहे. याचा सरळ अर्थ असा, की ‘ही प्रमाणित चाचणी आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या मुलांसाठी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या निर्णयासाठी, हे तीन प्रश्न त्याला जोडावे लागतात.

उदाहरण म्हणून मॉरिस रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मानाच्या मापनश्रेणीकडे पाहता येईल. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा पाया न्यूयॉर्क राज्यातील दहा माध्यमिक शाळांमधील ५ हजार २४ विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर उभा होता. अवघी दहा विधाने असल्यामुळे ती जगभर पसरली आणि पुढे तिची ५३ राष्ट्रांमध्ये तुलना करण्यात आली. तेव्हा दिसले की नकारार्थी विधानांना सर्व समाज सारख्या रीतीने उत्तर देत नाहीत. स्वतःबद्दल आपल्याला अधिक आदर वाटावा अशी इच्छा व्यक्त करणारे एक विधान त्यात आहे. मूळ श्रेणीत त्याला होकार देणे हे न्यूनगंडाचे लक्षण धरले जाते. विनय हा गुण मानणाऱ्या घरातले मूल मात्र तेच विधान सुधारणेची इच्छा म्हणून वाचू शकते आणि चांगल्या भावनेने होकार देऊन गुण गमावू शकते. अनुवाद बिनचूक असूनही माप मात्र चुकलेले.

मराठी मुलखातील पूर्वानुभव

हा पेच आपल्याकडे नवा नाही. आल्फ्रेद बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये जी चाचणी तयार केली तिचा हेतू, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी, हा होता. ती अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचे रूपांतर झाले आणि हळूहळू मदतीचे साधन हे शिक्का मारण्याचे साधन बनले. भारतात वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यांचा यासंबंधीचा लेख १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. कामतांनी केवळ शब्द बदलले नाहीत, तर कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला येतो हे येथील मुलांवर पुन्हा तपासले. मापनाच्या दृष्टीने हेच मोलाचे होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरात आहे, आणि ही गोष्ट अभिमानाची असली तरी तितकीच चिंतेचीही आहे.

दुसरे उदाहरण नागपूरचे आहे. भिलाईहून हावडा-मुंबई लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरवर असलेल्या या शहरात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. १९६९ चे हे काम मालिन यांच्या नावानेच देशभर प्रसिद्ध आहे. त्याचे वजन किती, तर अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत बुद्ध्यंक काढण्यासाठी सुचविलेल्या दोन चाचण्यांपैकी ती एक होती. दरम्यान मूळ वेक्सलर श्रेणी १९४९ मध्ये निघाल्यानंतर १९७४, १९९१, २००३ आणि २०१४ अशी चार वेळा सुधारली गेली. सुधारणा करण्याचे एक कारण सर्वज्ञात आहे. पिढी बदलते तसे चाचणीतील सरासरी गुण वाढत जातात. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात ते अनेक देशांच्या आकडेवारीतून दाखवून दिले. जुन्या प्रमाणकांशी आजच्या मुलाची तुलना केली तर त्याचा बुद्ध्यंक प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते. ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, असे सीमारेषेवरचे मूल त्यामुळे रेषेच्या वर जाते आणि प्रमाणपत्राला, म्हणजेच सवलतीला आणि विशेष शिक्षकाला मुकते. येथे चूक मुलाची नसते, चाचणी घेणाऱ्याचीही नसते. मापच जुने झालेले असते.

गोव्यातील अनुभव अधिक आशादायक आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या प्रौढ रुग्णांवर पाच प्रचलित प्रश्नावल्या एकाच वेळी तपासल्या आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्नावलीचा निकाल आणि स्वतंत्र मुलाखतीतून निघालेले निदान यांची त्यांनी तुलना केली. पाचही प्रश्नावल्या उपयुक्त ठरल्या. पण योग्य सीमारेषा ठरवूनही, ‘आजारी’ म्हणून निवडलेल्यांत प्रत्यक्षात आजारी नसलेल्यांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. बाहेरून आणलेले माप वापरण्यापूर्वी आपल्या माणसांवर ताडून पाहता येते, आणि त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही, हे मात्र या कामाने दाखवून दिले.

एका वर्गात अनेक घरे

भिलाईत हे ताडून पाहणे विशेष आवश्यक का, याचे उत्तर शहराच्या जन्मातच आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानंतर येथे कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापाठोपाठ आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, ओडिशा आणि आपल्या विदर्भातूनही कुटुंबे आली. शहराला ‘लघु भारत’ असे म्हटले जाते ते उगीच नव्हे. परिणामी एकाच वर्गात घरी छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मल्याळम, मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. शाळेची भाषा हिंदी किंवा इंग्रजी. त्यातच २०२० पासून राज्य सरकारने स्वामी आत्मानंद योजनेखाली इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या आणि ज्यांच्या घरी इंग्रजीचा गंधही नाही अशी अनेक मुले त्या माध्यमात आली.

आता अशा वर्गात हिंदी प्रश्नावली वाटली की काय होईल? ‘घबराहट’ हा शब्द घ्या. कोणाला तो परीक्षेच्या भीतीचा वाटेल, कोणाला छातीतल्या धडधडीचा, तर कोणाला उन्हात जीव कासावीस होण्याचा. ‘अक्सर’ आणि ‘कभी-कभी’ यांतील अंतर पुस्तकी हिंदीत स्पष्ट आहे. घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या नववीतल्या मुलाला ते तितके स्पष्ट असेलच असे नाही. मराठीत तरी ‘बरेचदा’ आणि ‘बहुधा’ यांची उतरंड आपण सारे सारखीच लावतो काय? उलट, मुले आपसात ज्या शब्दात मनातले सांगतात तो ‘टेन्शन’ हा शब्द बहुतेक प्रश्नावल्यांत सापडतच नाही.

शब्दांपलीकडेही अडचणी आहेत. झोप नीट लागत नाही, हे जवळपास प्रत्येक नैराश्यश्रेणीत लक्षण म्हणून येते. वडील रात्रपाळीला जातात, पहाटे परततात आणि घर दोन खोल्यांचे आहे, अशा मुलाची झोप मोडते ती नैराश्यामुळे नव्हे. पहाटेच्या शिकवणीला पाच वाजता उठणाऱ्या मुलीचे उत्तरही तसेच. मागील दोन आठवड्यांतील अनुभव विचारणारी प्रश्नावली मार्च महिन्यात दिली तर ती आजार मोजेल की परीक्षा? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. तीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे म्हणून सांगितली. जी गोष्ट पाचांपैकी चौघांना जाणवते ती टिपणे सोपे आहे. त्यांतून उपचाराची गरज असलेला एक निवडणे अवघड आहे.

किती अवघड, हे एका साध्या हिशेबाने कळते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाली आणि छत्तीसगड त्यांपैकी एक होते. तिच्या अहवालानुसार १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आहे. हजार विद्यार्थ्यांची शाळा घेतली तर अशी मुले ७३. समजा, आपली प्रश्नावली बरीच चांगली आहे : त्रास असलेल्या शंभरांपैकी ८० मुलांना ती अचूक ओळखते आणि त्रास नसलेल्या शंभरांपैकी ८० जणांना योग्य रीतीने वगळते. मग ७३ पैकी ५८ मुले सापडतील आणि १५ निसटतील. उरलेल्या ९२७ निरोगी मुलांपैकी मात्र १८५ जणांच्या नावापुढेही लाल खूण होईल. एकूण २४३ नावे, त्यांत खरी ५८. म्हणजे मुख्याध्यापकांच्या टेबलावरील यादीतील दर चार मुलांमागे तिघांना चुकीची खूण. ही चांगल्या प्रश्नावलीची गोष्ट झाली. न तपासलेल्या प्रश्नावलीचे आकडे कोणाजवळ असणार?

यावरून प्रश्नावल्या टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्या चाळणीसारख्या आहेत. चाळणीत राहिलेल्या प्रत्येक मुलाशी जाणत्या व्यक्तीने बोलायचे, एवढी व्यवस्था असेल तर १८५ मुलांचे फारसे नुकसान होत नाही. ती व्यवस्था नसेल तर मात्र चाळणी हेच निदान बनते.

महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर चाचणी घेण्याचा अनुभव घेतलेला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यातील दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली, आणि पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड देण्यात आली. लाखो मुलांपर्यंत, तेही ग्रामीण भागात, मार्गदर्शनाचा कागद पोहोचला, हे त्या उपक्रमाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण कल म्हणजे आवड आणि अभिक्षमता म्हणजे ते काम करण्याची संभाव्य कुवत, हा फरक अनेक घरांपर्यंत पोहोचला नाही. अहवालात ललित कला दिसली म्हणून धास्तावलेले आणि वाणिज्य दिसले म्हणून विज्ञानाचा अर्ज मागे घेऊ पाहणारे पालक त्या काळात ठिकठिकाणी चर्चेचा विषय झाले होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची अभिक्षमता चाचणी आणली, तेव्हा ती ऐच्छिक ठेवली. तो निर्णय शहाणपणाचा म्हणावा लागेल.

भिलाईत काय करता येईल?

प्रमाणीकरणाची रीत आता बऱ्यापैकी ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने चाचण्यांच्या अनुवाद व रूपांतराविषयी दिलेल्या सूचनांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली. दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करायचा, तिसऱ्याने तो मूळ भाषेत उलटा आणायचा, तफावती समितीने मिटवायच्या. त्यानंतरची पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पंधरा-वीस मुलांना एकेक करून बसवायचे आणि प्रत्येक विधान वाचून झाल्यावर विचारायचे, की तुला यातून काय समजले? ‘घबराहट’चा घोळ संगणकीय विश्लेषणाच्या आधी येथेच उघडा पडतो.

पुढे काही शे विद्यार्थ्यांचा नमुना लागेल आणि तो केवळ कारखान्याच्या सेक्टरमधील नामांकित शाळांतून घेऊन चालणार नाही. खुर्सीपार, कॅम्प आणि सुपेला भागांतील शाळा, आत्मानंद शाळा आणि खासगी इंग्रजी शाळा यांतील मुले त्यात हवीत. हिंदी माध्यमातील मुलगी आणि इंग्रजी माध्यमातील मुलगा यांचे समान गुण समान स्थिती दाखवितात काय, हे वेगळे तपासावे लागेल. त्यांपैकी काहींची, गुण न सांगता, तज्ज्ञाकडून मुलाखत घ्यावी लागेल. सीमारेषा कोठे ओढायची ते त्यावरूनच ठरेल. यासाठी लागणारी माणसे दूर नाहीत. रायपूरला पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, दुर्गला हेमचंद यादव विद्यापीठ आहे आणि खुद्द भिलाईत आयआयटी आहे. एनसीईआरटीकडे मानसशास्त्रीय चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालयही आहे. एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखे हे काम आहे. ते प्रत्येक शाळेने करावे अशी अपेक्षा नाही. जिल्ह्यासाठी एकदा झाले तरी पुरे.

राहता राहिला गुप्ततेचा प्रश्न, आणि तो लहान नाही. भरलेले कागद कोठे राहतात, ते वर्गशिक्षकांना दिसतात काय, तुकड्या पाडताना कोणी ते उघडतो काय? गुणवत्तेनुसार विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात म्हटले आहे. ‘तणाव सहन करण्याची क्षमता’ अशा गोंडस नावाची श्रेणी मागल्या दाराने तेच काम करू शकते. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे आणि ती टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. प्रश्नावली भ्रमणध्वनीवरून भरून घेणाऱ्या कंपन्यांना हे आधी विचारले पाहिजे.

पालकांच्या हातीही एक उपाय आहे. प्रत्येक मापनश्रेणीसोबत एक माहितीपुस्तिका असते. तिच्या पहिल्या काही पानांत प्रमाणीकरणाचे वर्ष, मुलांची संख्या, त्यांचे वय, माध्यम आणि गाव दिलेले असते. शाळेने आपल्या मुलाचा आकडा सांगितला की ती पाने दाखविण्याची विनंती करण्यास कोणाचीही हरकत असू नये.